उजव्या कानातला सा

"उजवीकडचा चढा आहे रे," आई काचेपलीकडून म्हणाली आणि मशीनवरचा माझा अंगठा होता तिथंच राहिला.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काही विशेष दिसलं नसतं. सकाळचे सव्वाअकरा, कान-नाक-घशाच्या दवाखान्यातली मागची खोली, त्या खोलीत कपाटाएवढी दुसरी ध्वनिरोधक खोली, तिच्यात एकसष्ट वर्षांची एक बाई, उजव्या कानावर लाल हेडफोन, डाव्यावर निळा, हातात बटण. आणि काचेच्या अलीकडे तिचा मुलगा, पगारी. पण गेली नऊ वर्षं मी लोकांचे कान तपासतो आहे आणि त्या खुर्चीवरून काय काय बोललं जातं ते मला पाठ आहे. खुर्ची टोचते. आत गुदमरतं. बटण चिकट आहे. तुम्ही आवाज सोडलाच नाहीत. सोडलात, पण मुद्दाम हळू सोडलात. बारीक आवाज आला की बटण दाबायचं, इतकं साधं काम. पण काही जण अंदाजाने दाबतात, काही जण काचेतून माझा खांदा हलतो का ते बघून दाबतात, आणि एका निवृत्त हेडमास्तरांनी तर मी मशीन सुरू करण्याआधीच एकोणीस वेळा दाबून "सगळे आले" असं जाहीर केलं होतं. त्यामुळे माणूस आत जाऊन बसला की तो मला फसवणार असं मी धरूनच चालतो. हा कामाचा भाग आहे, स्वभावाचा नाही, असं मी घरी सांगतो. घरी कुणी मान्य करत नाही. तर इतक्या सगळ्या बिलंदर लोकांमध्ये, एका कानातला सूर दुसऱ्या कानातल्यापेक्षा चढा आहे, अशी तक्रार आजवर एकानेही केली नव्हती. ती करायला सूर नावाची वस्तू असते हे आधी ठाऊक लागतं, ती दोन्ही कानांत एकाच उंचीवर असायला हवी हे ठाऊक लागतं, आणि ती तशी नाही याचा राग यावा लागतो. आईच्या आवाजात राग होता. शिंप्याने बाही तोकडी शिवली की येतो, तेवढा.

आणि माझ्याकडच्या माहितीप्रमाणे आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ही माहिती मी ऐकीव गोळा केलेली नाही, एका घरात राहून जमवलेली आहे. घरात वावरणारा माणूस काहीतरी गुणगुणतोच. बाबा दाढी करताना गुणगुणायचे, ताई वेणी घालताना, वरच्या मजल्यावरचा वकील जिना चढताना. आई कधीच नाही. भांडी घासताना नाही, कपडे वाळत घालताना नाही, मला झोपवतानासुद्धा ती नुसती थोपटायची, तबलजीशिवाय आणि गायकाशिवाय चाललेली मैफल. मला वाटायचं, काहींना अक्कलदाढ येत नाही तसं हिला ते आलेलं नाही. पुढे मी मिळवायला लागल्यावर तिला दोन-तीनदा गाण्याला नेलं, ते उपकार केल्यासारखं. पहिल्याच वेळी ती मांडीवरच्या पर्सवर बोटं आपटायला लागली आणि मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "आई, ताल देऊ नकोस, शेजारच्यांना त्रास होतो." तिने मुकाट्याने बोटं पर्सखाली घेतली. हे आत्ता आठवलं आणि माझी मान गरम झाली. कारण तिची बोटं आणि माझी मान वेगवेगळ्या ठिकाणी समेवर येत होती एवढंच मला त्या दिवशी कळलं होतं. चुकत कोण होतं हे मी तपासलं नव्हतं. तपासणं हा माझा धंदा असून.

"आई, काय म्हणालीस?" मी माइकमध्ये विचारलं.

"तुमचं मशीन बिघडलंय म्हणाले. डावीकडे नीट लावलंय, उजवीकडे चढं."

"चढं म्हणजे मोठा आवाज?"

"मोठा-बारीक मला कळतं. चढा म्हणतेय मी."

मी आत गेलो. तिच्या कानांवरचे हेडफोन काढले, लाल डावीकडे आणि निळा उजवीकडे लावला, बाहेर आलो, दार बंद केलं आणि तोच सूर आधी एका कानात, मग दुसऱ्या कानात सोडला. "आता?" ती थोडा वेळ ऐकत राहिली. ऐकताना तिने डोळे मिटले. माझ्याकडे येणारे लोक डोळे मिटत नाहीत, ते छताकडे बघतात किंवा माझ्याकडे. "आताही उजवीकडचाच," ती म्हणाली. म्हणजे मशीन शाबूत होतं, कान हलला होता. आतल्या कानाला इजा झाली की असं होतं, एकच सूर दोन कानांना दोन उंचींवर ऐकू येतो. आमच्या पाठ्यपुस्तकात याला अर्धं पान दिलंय, आणि त्या अर्ध्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: बहुतेकांना हे जाणवत नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जाणवतं. परीक्षेला मी ही ओळ सोडली होती. उपयोगाची वाटली नव्हती.

"किती चढा आहे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती उत्तर द्यायला निघाली होती. तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग तिची नजर दाराकडे गेली, माझ्याकडे आली, आणि ती म्हणाली, "असेल जरासा. मला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य मी आयुष्यभर तिच्या तोंडून ऐकलंय आणि दरवेळी त्यावर विश्वास ठेवलाय. आज ते मला हेडमास्तरांच्या एकोणीस वेळांसारखं वाटलं.

आता इथं मला माझ्या गाण्याच्या वेडाबद्दल सांगावं लागेल, कारण संशय तिथून निघून तिथंच चालला होता. मी गात नाही. मी ऐकतो. पंचवीसेक वर्षं ऐकतोय, सुट्ट्या घालून ऐकतोय, मुलगी बघायला म्हणून निघून वाटेत कुणाचं तरी गाणं आहे कळल्यावर तिकडेच गेलोय, आणि हे वेड मला कुणी लावलं नाही ही माझी एकमेव मिजास आहे. नाकडोळे बाबांचे, उंची मामाची, केस आत्याचे, नोकरी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या कृपेने. पण गाणं माझं मी मिळवलं. भिंतीतून.

आमचं घर दोन खोल्यांचं होतं. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला, म्हणजे दिवस ही त्यांची झोपायची वेळ. सकाळी सातला येत, शाईचा वास येत असे, आणि चारपर्यंत झोपत. त्या वेळात घरात आवाज म्हणून करायचा नाही. भांडी फडक्यावर ठेवायची. खुर्ची उचलून सरकवायची. रेडिओ होता, पण त्यातले सेल काढून घेतलेले. माझा चेंडू मोज्यांचा होता. मी बोलायला शिकलो तेव्हा पहिला शब्द "श्श" होता असं ताई सांगते, आणि तिचा इतर बाबतींत भरवसा नसला तरी हे मला पटतं. दुपारी दोन वाजता आई मला आतल्या खोलीत भिंतीलगत चटईवर आडवं करायची, "डोळे मीट, मी काकांकडे जाऊन येते" म्हणायची आणि कडी न वाजवता दार लावून जायची. काका म्हणजे शेजारचे बॉयलरकाका. पस्तीस वर्षं बॉयलरवर हातोडे मारून त्यांचे दोन्ही कान पार गेले होते. कुणी काहीही विचारलं की "जेवलो, जेवलो" एवढंच म्हणायचे. एकटे असायचे. आई त्यांना जेवण नेऊन द्यायची, पत्र आलं असलं तर कागदावर मोठ्या अक्षरांत उत्तर लिहून द्यायची. असं ती सांगायची. आणि ती गेली की पाचेक मिनिटांनी भिंत गायला लागायची.

मी सहा वर्षांचा होतो, पुढचा दात हलत होता. भिंतीला कान लावला की चुन्याचा गारवा आधी गालाला लागायचा, मग जबड्याला, आणि मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एका बाईचा आवाज यायचा, शब्द नसलेला, एकाच जागी उभा. तो कानाला कळायच्या आधी हलणाऱ्या दाताला कळायचा. शास्त्राप्रमाणे हे शक्य नाही, मी नंतर तपासलंय. पण दाताला कळायचा. तो आवाज त्या एका जागेवरून हलायला बघायचा, खाली जायचा, परत यायचा, जागा बरोबर सापडली का हे बघितल्यासारखा थांबायचा. मग वर. मग एक ओळ यायची, गोल फिरून स्वतःच्याच शेपटीशी येणारी. ती ओळ पुन्हा. पुन्हा. पुढची ओळ येईल म्हणून मी श्वास धरून पडायचो. ती कधी आली नाही. साधारण पाऊण तासाने भिंत गप्प व्हायची, थोड्या वेळाने आमचं दार उघडायचं, आई आत यायची, आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत बाबा घोरायला लागायचे. आई आली की माणसाला झोप येते असा माझा त्यावरून समज झाला होता.

मी आईला विचारलं होतं. "भिंतीत कोण गातं?" ती माझी चादर घडी करत होती. म्हणाली, "पाइप असेल पाण्याचा." पुढची दोन वर्षं मी नळांकडे आदराने बघितलं. तरी मला शंका होतीच, म्हणून एकदा काकांकडे आईबरोबर गेलो आणि शोध घेतला. एक खाट, एक स्टोव्ह, एक लोखंडी ट्रंक, भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेले नट आवळायचे बारा पाने, लहान ते मोठे. ट्रंकेत बाई मावेल का याचा मी अंदाज घेतला. मावली असती, पण गाता आलं नसतं. मी काकांच्या समोर उभा राहून तोंड मोठं करून विचारलं, "तुमच्याकडे कोण गातं?" ते म्हणाले, "जेवलो, जेवलो." माझ्यामागे आई उभी होती. ती काय करत होती ते मी वळून पाहिलं नाही. एवढा चौकस मुलगा, आणि बारा पाने मोजले, ट्रंक उघडली, खाटेखाली शिरलो, पण मागे वळून पाहिलं नाही. उलट मला तिची कीव यायची. घरातल्या प्रत्येकाला ती भिंत ऐकू येऊ शकत होती, आणि आई नेमकी त्याच वेळी घरात नसायची. मी तिला म्हणालोसुद्धा होतो, "आई, तू एकदा जाऊ नकोस ना. तुला ऐकवतो."

"काय ऐकवतो?"

"पाइप."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता गेलीच.

मी नऊ वर्षांचा असताना बॉयलरकाका गेले आणि भिंत गप्प झाली. पुढे तेराव्या वर्षी शाळेच्या एका कार्यक्रमात पाहुण्या गायिकेने भीमपलास गायला आणि दाताच्या जागी, आता तिथं पक्का दात होता, काहीतरी हललं. तीच ओळ. तेच गोल फिरून येणं. मग ती बाई वरच्या षड्जाकडे निघाली आणि पुढची ओळ आली, अंतरा, आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आपल्या घरात कुणी परकं शिरल्यासारखं वाटलं मला. मास्तरांनी खाली बसवलं. तेव्हापासून कुणीही अंतरा घेतला की मी त्याच्याकडे संशयाने बघतो. आमच्या श्रोते मंडळाच्या वार्षिक सभेत मी यावर भाषणही केलंय, वीस मिनिटं: माझी पहिली गायिका भिंतीपलीकडची, अनाम, तिने अंतरा नाकारला, अस्थाईतच, म्हणजे पहिल्या ओळीतच, सगळं सांगून झाल्यावर पुढे जाणं तिला उथळ वाटलं असावं, ही संयमाची परमावधी. लोकांनी टिपणं काढली. एका प्राध्यापकाने नंतर मला मिठी मारली. आई दुसऱ्या रांगेत बसली होती आणि ती वीसच्या वीस मिनिटं पर्समध्ये काहीतरी शोधत होती. कंटाळली असेल, असं मी तेव्हा समजलो.

काचेपलीकडे ती आता बटणाची वायर बोटाला गुंडाळत बसली होती. मी कागदावर बघितलं. उजव्या कानाची लाल वर्तुळं पायऱ्या उतरत खाली गेली होती. डाव्याच्या निळ्या फुल्या अजून बऱ्यापैकी वर होत्या, पण शेवटच्या दोन फुल्यांनी खाली बघायला सुरुवात केली होती. दवाखान्यात ती आली ती एवढीच तक्रार घेऊन, की फोन उजव्या कानाला लावला की तू कुणी वेगळाच माणूस वाटतोस. मी त्यावर विनोद केला होता की मग डाव्याला लाव, तो बरा आहे. आता मला विनोद सुचत नव्हता. एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हाताखाली माइकचं बटण होतं, आणि मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि तीच विचारायची भीती वाटत होती. ती बाई ही असेल, तर माझ्याकडे माझं म्हणून जे एकुलतं एक होतं तेही आईने दिलेलं निघणार, स्वेटरसारखं. आणि ती बाई ही असेल, तर मी तिला पर्सखाली बोटं घ्यायला लावली होती. आणि ही नसेल, तर रोज दोन वाजता कडी न वाजवता ही त्या घरात जाऊन काय करत होती? लोकांवर संशय घेण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत पडू नये, याचा मला स्वतःवरच संशय आला.

दार ढकलून काउंटरवरची मुलगी डोकावली. "सर, काकूंचं झालं का? बाहेर सात जण बसलेत. एक आजोबा माझ्याशी भांडतायत, पण त्यांना माझं ऐकू येत नाहीये."

"मशीन तपासतोय. दहा मिनिटं."

"मशीन बिघडलंय?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून गेली.

मी माइकचं बटण दाबलं. समोरासमोर मी विचारू शकलो नसतो; काच मध्ये असली की आईसुद्धा रुग्ण होते, थोडी सोय होते. "आई, बॉयलरकाका आठवतात?"

मशीनवरचा दिवा लागला. मी सूर सोडलाच नव्हता. तिच्या हातून बटण दाबलं गेलं होतं. तिने दचकून बटण मांडीवर ठेवलं, जसं काही त्याने चुगली केली होती. केलीच होती.

"हे तपासणीत येतं का?" ती म्हणाली.

"येतं."

"मागच्या वेळी नव्हतं आलं."

"नवीन नियम आहे. दुपारी दोन वाजता तू त्यांच्याकडे काय करायचीस?"

"तूच शोध. सगळी ट्रंक उपसली होतीस."

"आई."

ध्वनिरोधक खोलीतल्या गप्प माणसाचा आवाजही माइकमधून येतो. श्वास, घशातला आवंढा, बोटांची वायरवर होणारी चाळवाचाळव. मग ती काचेकडे न बघता, समोरच्या भोकाभोकांच्या भिंतीला सांगितल्यासारखं बोलली. "गायचे. दुसरं काय करणार? घरात ते झोपलेले. वर वकील, खाली ती शाळेतली बाई, कुठंही तोंड उघडलं तर चौघांना ऐकू जाणार. एवढ्या इमारतीत ऐकू न येणारा माणूस एकच होता. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय. लवंग आणून दिली."

"आणि मग?"

"मग काही नाही. ते पाने पुसत बसायचे. मी गायचे. अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवायचे. भलत्याच जागी डोलवायचे, पण डोलवायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"गावभर केलं असतंस."

"मी सहा वर्षांचा होतो!"

"मग? आता चौतिसाचा आहेस, आणि भाषण करून आलास की नाही?"

मी माइकवरचं बोट उचललं आणि पुन्हा टेकवलं. मला एक गोष्ट विचारायलाच हवी होती, प्राध्यापकाच्या मिठीसाठी. "अंतरा का नाही गायचीस? मुद्दाम?"

"मुद्दाम कसला! माहेरी गाण्याच्या बाईंनी अस्थाई बसवली चार महिने. अंतरा पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाल्या. पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं." तिने वायर बोटावरून सोडवली. "तू त्या दिवशी तिथं उभा राहून संयम, संयम म्हणत होतास ना, तेव्हा मी पर्समध्ये तोंड घातलं होतं. मला हसू आवरत नव्हतं."

तर परमावधी ती ही होती. मी खुर्चीत मागे रेललो आणि मला एकदम बाबांची खाट दिसली. ती आधी खिडकीपाशी होती. एका वर्षी त्यांनी ती स्वतः उचलून, अजिबात आवाज न करता, काकांच्या बाजूच्या भिंतीला नेऊन लावली. खिडकीतून तोंडावर ऊन येतं म्हणाले. खिडकी उत्तरेला होती. मला हे माहीत होतं, ताईला माहीत होतं, भूगोल शिकलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी "ऊन येतं" या वाक्यावर घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली होती.

"बाबांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"ते एरवी घोरत नसत," आई म्हणाली.

"रोज दुपारी घोरायचे. मी ऐकलंय."

"मी दार उघडलं की घोरायला लागायचे. दार उघडायच्या आधी आत श्वास धरल्यासारखी शांतता असायची, कळायचंच ना." तिने आता पहिल्यांदा काचेकडे बघितलं. "तीन वर्षं घोरले. एवढा रात्रभर उभा राहून आलेला माणूस, जागा राहून ऐकायचा आणि मग घोरायचा. पण घोरण्यावरून काय कळणार मला? बरं वाटलं का वाईट वाटलं? सूर लागला होता का पडला होता? त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काकांना ऐकूच यायचं नाही. तू तर म्हणालास पाइप आहे."

"तू म्हणालीस पाइप आहे!"

"तू मानलंस ना पण."

तिच्या आवाजात शिंप्यावरचा राग नव्हता आता. त्याच्या खालचं काहीतरी होतं, ज्याला मी गेली अठ्ठावीस वर्षं "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून ओळखत होतो. मी मघापासून स्वतःचीच काळजी करत होतो, माझं वेड कुणाचं, माझी भिंत कुणाची. आणि ती बाई भिंतीपलीकडे तीन वर्षं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून कुणाची तरी वाट बघत होती, ज्याने एवढंच सांगावं की हे बरोबर आहे किंवा हे चुकलं. ऐकणारे दोन होते. एक घोरत होता आणि दुसरा नळांना मान देत होता. आणि आता तिचा उजवा कान तिला खोटं सांगायला लागला होता, आणि डाव्याच्या शेवटच्या दोन फुल्या खाली बघत होत्या. कागद माझ्या हातात होता. तिने तो मागितला नव्हता, पण ती मूर्ख नव्हती.

"जाणार ना हा कान?" तिने विचारलं.

"डॉक्टरीणबाई बघतील. स्कॅन करावा लागेल."

"तू तुझं सांग."

"उजवा बराचसा गेलाय. डावा आहे."

ती मान हलवून बरं म्हणाली. मग तिने उजवीकडचा हेडफोन काढून कपाळाकडे सरकवला, तर्जनीने उजवा कान घट्ट बंद केला, आणि मला म्हणाली, "मघाचा तो डावीकडचा, सगळ्यात खालचा नको, त्याच्या वरचा. धरून ठेव."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

मी अडीचशे हर्ट्झचा सूर डाव्या कानात लावला, माझ्या बाजूच्या छोट्या स्पीकरवरही घेतला आणि बटण दाबून धरलं. या मशीनने आजवर कुणालाही दोन सेकंदांपेक्षा जास्त सूर दिलेला नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली. "हा पेटीतल्या पांढरी सातच्याही किंचित वर आहे. याला सा धरला तर मला झेपायचा नाही. याला मध्यम धरते," ती म्हणाली, "म्हणजे सा येतो खाली काळी तीनपाशी." मला हे हिशेबाने काढायला कागद लागला असता.

तिने श्वास घेतला आणि सा लावला.

ती भिंतीतली बाई नव्हती. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुन्हा एक भाषण होईल. आवाज खरखरीत होता, मध्येच हवा जात होती, पंचवीस वर्षं बंद ठेवलेल्या खोलीचं दार उघडावं तसा आधी नुसता कचरा बाहेर आला. माइकमधून तो माझ्यापर्यंत पत्र्यासारखा येत होता. मी ओळखीचं काही सापडतंय का म्हणून चाचपत होतो आणि मला काहीही सापडत नव्हतं, दाताला नाही, जबड्याला नाही. फक्त एवढं कळत होतं की ती जागा शोधतेय. आणि जागा थोडी वर होती.

तिने डोळे उघडले. बोट कानातच होतं. "लागला?"

मला "छान" म्हणायचं होतं. "वा" म्हणायचं होतं. मी आयुष्यभर अनोळखी लोकांना दुसऱ्या रांगेतून "वा" म्हणत आलोय, त्यातले निम्मे वा सवयीचे. बाहेर सात माणसं होती. समोर माझी आई होती, कानात बोट घातलेली, आणि तिच्या तोंडावर तो प्रश्न असा उघडा पडला होता की मला तिकडे बघवेना.

"नाही," मी म्हणालो. "उतरलाय."

तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीत सरळ झाली. "मग बोलायचं की लगेच! तोंडात काय धरून बसलास?"

तिने पुन्हा लावला. या वेळी मी थांबलो नाही. "आता चढला."

"हं."

"वरून खाली येऊ नकोस. सरळ तिथंच उतर."

"शिकवू नकोस. चुकलं की सांग फक्त."

दार पुन्हा उघडलं. काउंटरवरची मुलगी आत आली, काचेकडे बघितलं, कानात बोट घालून तोंड उघडलेल्या काकूंकडे बघितलं, माझ्या दाबून धरलेल्या अंगठ्याकडे बघितलं, आणि आल्यापावली परत गेली. बाहेर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण आजोबांचं भांडण थांबलं.

आई चौथ्यांदा चुकली. पाचव्यांदा ती थोडा वेळ नुसतीच बसली, मशीनच्या सुराला आत शिरू दिल्यासारखी, आणि मग अगदी बेताने, कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात तिने सा ठेवला. तो ठेवला आणि माझा अंगठा दुखायचा थांबला. माझ्या स्पीकरमधला मशीनचा सूर आणि माइकमधला तिचा आवाज एकमेकांत बसले. ती थांबली. मी अंगठा तसाच दाबून बसलो होतो.

"अरे, सांग ना!"

"लागला," मी म्हणालो.

तिने एक डोळा बारीक केला. मी रुग्णांकडे बघतो अगदी तसंच बघितलं. "आई आहे म्हणून म्हणतोयस."

"नाही. खरंच."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

"माझी नको. माझ्या बाजूने बोलशील. मशीनची घे."

मी डावा हात मशीनवर ठेवला. ते गरम झालं होतं. "मशीनशप्पथ," मी म्हणालो, "लागला."

मग ती गंधाराकडे गेली. तो जागेवर नव्हता. मी तसं सांगितलं.